जुन्या व्हीएचएस कॅसेटचा व्हिडिओ एमपी४ केला की कंगव्यासारख्या रेषा का येतात आणि आवाज मागे का पडतो?

तुम्ही लिहिलंय की घरच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट युएसबीच्या कॅप्चर डिव्हाइसनं कॉम्प्युटरवर घेतली, हँडब्रेक या कन्व्हर्टरमधून एमपी४ केली, आता कुणी हललं की कडेला कंगव्याच्या दात्यांसारख्या रेषा दिसतात, अर्ध्या तासानंतर आवाज मागं पडतो, आणि दुकानदार म्हणतोय आम्ही पेनड्राइव्हवर करून देतो, कॅसेट टाकून द्या. पहिल्या दोन गोष्टींचं उत्तर देतोच, पण ती शेवटची ओळ वाचून मला गप्प बसवलं नाही. कॅसेट टाकू नका. कुणीही कितीही सांगू दे, टाकू नका. आमच्या घरात हे झालंय.

आमचे आबा पैलवान. मोठे नाव झालेले नव्हे, पण कोल्हापुरात पेठेतल्या तालमीत सकाळी चारला उठून जाणारे, आणि यात्रेच्या मैदानात जोड लावायची झाली की लोक त्यांचं नाव घ्यायचे. १९९६ ला पन्हाळ्याखालच्या एका गावात यात्रेच्या मैदानात त्यांची एक कुस्ती झाली, समोर सांगलीकडचा पैलवान, आबांपेक्षा वजनानं चांगलाच जास्त. पंधरा-सोळा मिनिटं चालली आणि आबांनी ढाक या डावावर चितपट केली. लग्नाचं शूटिंग करणारा एक जण खांद्यावर कॅमेरा घेऊन तिथं होता, त्यानं ती सगळी घेतली. आता आमचे अण्णा, म्हणजे आबांचे थोरले भाऊ, त्या दिवशी हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या, कडेलाच होते. ते वीस वर्षं एकच सांगत आले, "त्याचा पाय घसरला, माती ओली होती, ढाक बसलीच न्हवती." लग्नकार्यात, जेवणाच्या पंगतीत, कुणी कुस्तीचा विषय काढला की हे ठरलेलं. आबा त्यावर एक शब्द बोलायचे नाहीत. ताटातलं संपवून उठायचे. मला ते बघवायचं नाही.

२००४ च्या आसपास घरातल्या बारा कॅसेटी एका स्टुडिओत दिल्या, तेव्हा सगळे सीडी करून घेत होते. त्यानं सीड्या दिल्या आणि विचारलं, कॅसेटी परत नेताय की इथंच टाकू, आता त्यांचा काय उपयोग. आईला घरातली अडगळ नको होती. टाका म्हणाली. संपलं.

त्या सीडीत काय होतं ते मला फार नंतर कळलं, हे वाचताना तुमचा व्हिडिओ डोळ्यापुढे ठेवा कारण तुमच्या रेषा इथूनच येतात. आपल्याकडच्या टीव्ही-कॅसेटचा पाल सिग्नल म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ चित्रं, पण प्रत्येक फ्रेममध्ये दोन फील्ड, एकात एकाआड एक ओळी, दुसऱ्यात राहिलेल्या, आणि ही दोन फील्ड एकाच क्षणाची नसतात, सेकंदाच्या पन्नासाव्या भागानं पुढंमागं असतात. म्हणजे कॅसेटवर सेकंदाला ५० वेगवेगळे क्षण असतात. जुन्या टीव्हीला ते बरोबर दाखवता यायचं. कॉम्प्युटरनं दोन क्षण एका फोटोत चिकटवले की हललेल्या हाताला कंगवा फुटतो. व्हिडिओ सीडीत ३५२ बाय २८८ एवढंच चित्र बसतं, म्हणून अर्ध्या ओळी आणि त्यांच्याबरोबर अर्धे क्षण सरळ गळतात. वर एमपेग-१ हे जुनं कॉम्प्रेशन, सेकंदाला जेमतेम ११५० किलोबिट. हौद्यातली लाल माती उडाली की पडद्यावर नुसते चौकोन. ढाक लागायला अर्धं सेकंदही लागत नाही, आणि बरोबर तेवढाच भाग चौकोनांत. अण्णा म्हणायचे बघ, दिसतंय का काय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा आम्ही आठ दिवस कळंब्याला आत्याकडं राहायला गेलो. आबा जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. तिथं शोकेसमध्ये साड्यांच्या खोक्यामागं एक कॅसेट सापडली, वर आत्याच्याच अक्षरात "दादाची कुस्ती". आबांनी तिला व्हीसीआरला व्हीसीआर जोडून कॉपी काढून दिली होती. आत्याला वाटत होतं मूळ आमच्याकडं असणारच.

मग मी पण तुमच्यासारखाच स्वस्तातला डोंगल, म्हणजे कॅप्चर डिव्हाइस, आणला, त्याच्याबरोबर आलेलं सॉफ्टवेअर लावलं, आणि त्याच रेषा. हँडब्रेकमध्ये डीइंटरलेस, डीकॉम्ब, रेषा काढायचे सगळे फिल्टर लावून बघितले, काही फरक नाही. दोन आठवडे यात गेले. नंतर फाईलची माहिती दाखवणारं मीडियाइन्फो लावून बघितल्यावर कळलं की ते सॉफ्टवेअर ६४० बाय ४८० मध्ये रेकॉर्ड करत होतं. पालच्या ओळी ५७६. त्या दाबून ४८० केल्या की दोन्ही फील्डच्या ओळी एकमेकींत कालवल्या जातात, पिठात मीठ पडल्यासारख्या, मग जगातलं कुठलंही फिल्टर त्या वेगळ्या करू शकत नाही. माझ्या अंदाजानं तुमचं पण हेच झालंय. म्हणून पहिली गोष्ट, हँडब्रेक बंद करा आणि कॅप्चर केलेल्या मूळ फाईलची उंची बघा. ५७६ असेल तर वाचलात, सेटिंगनं सुटेल. ४८० असेल तर परत कॅप्चर करायला लागणार, दुसरा मार्ग नाही. सगळे जण कन्व्हर्टर बदलत बसतात, हे सॉफ्टवेअर, ते सॉफ्टवेअर, आणि दोष कन्व्हर्टरच्या आधीच झालेला असतो.

परत करताना व्हर्च्युअलडब हे कॅप्चरचं सॉफ्टवेअर वापरा, ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, आवाज ४८ किलोहर्ट्झ, कॉम्प्रेशन हफवाययूव्ही किंवा तसलंच लॉसलेस, म्हणजे चित्रातलं काही न गमावणारं. अजिबात कॉम्प्रेशन नसेल तर तासाला ७५ जीबीच्या आसपास जागा खातं, लॉसलेसमध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास येतं. जास्त वाटेल. हार्डडिस्क घ्या. लग्नावर जे लाखो खर्च झाले त्यापुढं ती काहीच नाही. फक्त तिचं फॉरमॅटिंग फॅट३२ नसावं, तिथं ४ जीबीच्या वर एक फाईल बसत नाही.

आता हँडब्रेक. फिल्टरमध्ये डीइंटरलेस निवडा, यादिफ किंवा बीडब्ल्यूडिफ, आणि प्रीसेट बॉब. फ्रेमरेट ५०, कॉन्स्टंट. हा बॉब महत्त्वाचा आहे, कारण तो प्रत्येक फील्डची वेगळी फ्रेम करतो म्हणजे पन्नासच्या पन्नास क्षण राहतात. नेटवर लोक सांगतात २५ वर ठेवा, ५० केलं की सीरियलसारखं दिसतं. साफ चूक. ते होतंच ५० चं, तुमच्या घरातल्या टीव्हीवर ते तसंच दिसत होतं, २५ करून तुम्ही अर्धं फेकून देताय. यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे, घातलाय पण. एन्कोडर एच.२६४, क्वालिटीचा आकडा (सीआरएफ) १८ ते २०, प्रीसेट स्लो. चित्र एक पाऊल पुढं एक पाऊल मागं असं थरथरायला लागलं तर फील्डचा क्रम उलटा धरला गेलाय, तो बदला.

आवाजाचं बघायचं तर आधी ठरवा की तो सुरुवातीपासून तेवढाच मागं आहे की वाढत जातो. तेवढाच असेल तर नुसता सरकवायचा, मिनिटाचं काम. तुमचा वाढत जातोय, म्हणजे कॅप्चर करताना फ्रेम गळल्यात. जुन्या टेपचा सिग्नल डगमगतो, स्वस्त डोंगलला तो पकडता येत नाही, तो फ्रेम सोडून देतो, आवाज मात्र पूर्ण लांबीचा येतो. २५ फ्रेम गळल्या की एक सेकंद. व्हर्च्युअलडब कॅप्चर चालू असताना किती गळल्या ते आकड्यात दाखवतो, तो आकडा पळायला लागला तर तिथंच थांबा, टेप शेवटपर्यंत पुढं नेऊन मागं आणा, व्हीसीआरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, कॉम्प्युटरवरचं बाकी सगळं बंद करा आणि वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत घ्या. टाइमबेस करेक्टर, म्हणजे डगमगता सिग्नल स्थिर करणारी सोय, असलेला व्हीसीआर मिळाला तर सोनंच. आहे त्या फाईलचा आवाज ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये ताणून दाबून बसवता येतो, पण फ्रेम काही एकसारख्या गळत नाहीत, मंगलाष्टका जुळल्या की सनई सुटते.

मी एक रात्र आणखी घालवली ती पण सांगतो. संध्याकाळी एमपी४ एन्कोडिंगला लावून झोपलो, पहाटे लाईट गेली. सकाळी फाईल दिसतेय, साईज दिसतोय, उघडत मात्र नाही. एमपी४ ची अनुक्रमणिका साधारणपणे सगळ्यात शेवटी लिहिली जाते, मधेच बंद पडलं की आतला माल असून नसल्यासारखा. इन्व्हर्टर नसेल तर एमकेव्ही या प्रकारच्या फाईलमध्ये करा, जितकं झालंय तितकं चालतं, नंतर एफएफएमपेग या सॉफ्टवेअरनं परत एन्कोड न करता एमपी४ च्या डब्यात टाकता येतं.

तर कुस्ती. दुसऱ्या पिढीची कॉपी, आबांच्या लाल लंगोटाचा रंग बोटभर बाहेर सांडलेला, खालच्या कडेला व्हीएचएसची ती नेहमीची फाटकी पट्टी. पण पन्नास क्षण होते. अण्णांना घरी बोलावलं, चहा दिला, टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि व्हीएलसी प्लेअरमध्ये ई चं बटण दाबत एकेक फ्रेम पुढं नेली. ढाकेच्या जागी सीडीत आठ-नऊ फ्रेम होत्या, इथं सतरा. चौथ्या फ्रेमला आबांचा डावा हात त्याच्या मानेवर. सहाव्याला आबांची कमर आत गेलेली. सातव्या, आठव्या, नवव्या फ्रेममध्ये त्या पैलवानाचे दोन्ही तळवे मातीत सपाट, टाच सुद्धा उचललेली नाही. दहाव्याला उजवा पाय सुटला. म्हणजे कमर आधी गेली, पाय नंतर. शेवटी खांदे टेकले ते दिसत नाही, पंच मधे येतात, पण त्याबद्दल वाद नव्हताच.

अण्णांनी मला ते चार वेळा मागं न्यायला लावलं. मग चष्मा काढून म्हणाले, "न्हाई घसरला त्यो. काढलाय त्याला." आत्या रडायला लागली. आबा नव्हते ऐकायला.

म्हणून मला त्या "टाकून द्या" चा राग येतो. मूळ कॅसेट असती तर खांदे कदाचित अजून स्पष्ट असते, आणि बाकीच्या अकरा कॅसेटींत काय होतं ते तर आता कुणालाच माहीत नाही, आजीचा आवाज होता एवढं मला आठवतंय. या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी स्वतः कॅमेरा बनवून मूकपट काढले, त्यातले बहुतेक आज बघायलाच मिळत नाहीत. सिनेमाचं माहेर म्हणून मिरवायचं आणि फिल्म असो का कॅसेट, जपायची वेळ आली की अडगळ.

कुणी फोर-के करून देतो म्हणालं तर पैसे देऊ नका. ५७६ ओळींत जे नाही ते आणणार कुठून, चेहरे मेणाचे करून देतात, नवरीचं नाक बदलतं. आणि ग्राफिक कार्डावरचं झटपट एन्कोडिंग रोजच्या कामाला ठीक, पण घरच्या कॅसेटला प्रोसेसरनंच सावकाश करू दे. चित्र ४:३ च ठेवा, रुंद टीव्हीभर ताणलं की सगळे वऱ्हाडी जाडे दिसतात.

हे सगळं व्हीएचएसपुरतं आहे हे आधी सांगायला पाहिजे होतं. मिनी डीव्ही असेल तर गोष्ट वेगळी, ती फायरवायर केबलनं जशीच्या तशी उतरते, तासाला १३ जीबी, आणि तिच्या फील्डचा क्रम उलटा असतो. मोबाईलच्या व्हिडिओत आवाज सरकत असेल तर कारण बहुतेक वेळा व्हेरिएबल, म्हणजे कमीजास्त होणारा, फ्रेमरेट असतं, तिथं कॉन्स्टंट केलं की भागतं, बॉबचा काही संबंध नाही.

आणि कॅसेट पुरात किंवा गळक्या छताखाली भिजलेली असेल, झडप उघडून टेपवर पांढरी बुरशी दिसत असेल, तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका, हेड पण जाईल आणि पुढची चांगली कॅसेट पण खराब होईल. उन्हात सुद्धा ठेवू नका, सावलीत कोरडी होऊ दे. मूळ फाईलची उंची किती निघाली ते खाली लिहा, मग पुढचं सांगतो.