स्टॅगहॉर्नला पाणी कधी घालायचं? आधी फळी उचलून बघा

या वेळी स्टॅगहॉर्न फर्नची, म्हणजे शिंगांसारख्या पानांचं जे झाड कुंडीऐवजी फळीवर मॉसमध्ये (वाळवलेल्या शेवाळात) बांधून टांगतात त्याची, इतकी पत्रं आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, रागावू नका. जवळजवळ सगळ्यांची अडचण पाण्याचीच आहे आणि त्यात झाडं हकनाक मरतायत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रश्न : ताई, दिवाळीत फळीवर बांधलेलं स्टॅगहॉर्न आणलं, पूर्वेच्या गॅलरीत टांगलंय. नर्सरीवाल्याने रोज स्प्रे मारा सांगितलं होतं. मी सकाळ-संध्याकाळ न चुकता मारते तरी एप्रिल लागल्यापासून पानं मलूल होऊन लोंबतायत, टोकं वाळतायत. अजून किती पाणी देऊ? (एक वाचक, पुणे)

तुमचं झाड तहानलंय हो, रोज दोनदा स्प्रे मारूनसुद्धा. कारण स्प्रेचं पाणी पडतं पानांवर, आणि मुळं आहेत मागे, त्या गोल चपट्या पानांच्या आड मॉसमध्ये. तिथपर्यंत त्यातलं थेंबभरही पोचत नाही, पुण्याच्या उन्हाळ्यात तर पाच मिनिटांत सगळं उडून जातं. आत्ता जाऊन त्या चपट्या पानाच्या वरच्या कडेतून बोट आत घालून बघा, मॉस नारळाच्या सोडणासारखा कोरडा ठणठणीत लागेल.

आता काय करायचं, तर फळी खिळ्यावरून काढा आणि बादलीत किंवा टबात मागची बाजू पूर्ण बुडेल अशी आडवी ठेवा, शिंगांसारखी पानं पाण्याच्या वर राहिली तरी चालतंय. खूप वाळलेला मॉस आधी पाणी घेतच नाही, तरंगतो, मग हाताने जरा दाबून धरायचं. बुडबुडे यायला लागतात, बारीक बारीक, बराच वेळ येत राहतात, ते थांबले की समजायचं आतपर्यंत पाणी गेलं. साधारण 15-20 मिनिटं लागतात. मग बाथरूमच्या नळाला किंवा ग्रिलला अडकवून पूर्ण निथळू द्या आणि मगच जागेवर टांगा.

परत कधी, हे मी वारावर नाही सांगणार, कारण रविवार ठरवला की झाड कोरडं असो नसो रविवारी पाणी मिळतं आणि तिथेच गडबड होते. त्यापेक्षा फळी उचलून बघायची सवय लावा. माझी एक फूटभराची फळी वाळल्यावर 700 ग्रॅमच्या आसपास भरते आणि भिजून निथळल्यावर दीड किलो. मी सुरुवातीला बॅगा मोजायचा काटा लावून बघायचे, आता हातालाच कळतं. हलकी लागली की भिजवायचं, जड असेल तर हात लावायचा नाही. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये हे 3-4 दिवसांनी येईल, थंडीत 10-12 दिवसांवरही जाईल. एसी किंवा फुल स्पीडच्या फॅनखाली झाड असेल तर त्याहून लवकर.

स्प्रे बंदच करा असं नाही म्हणत, कोरड्या हवेत पानांना बरं वाटतं, पण त्याला पाणी घातलं असं धरू नका.

प्रश्न : आमच्या माळीकाकांनी स्टॅगहॉर्नची खालची वाळकी तपकिरी पानं साफ केली, थोडी राहिलीत. तेव्हापासून झाड फार लवकर वाळतंय. योगायोग आहे का? (एक वाचक, नाशिक)

योगायोग नाही, आणि राहिलेली पानं कृपा करून तशीच ठेवा! या झाडाला पानं दोन तऱ्हेची येतात. एक ती सांबराच्या शिंगांसारखी फुटलेली, ज्यासाठी आपण झाड आणतो, आणि दुसरी ढालीसारखी, फळीला चिकटून वाढणारी. ही ढाल आधी हिरवी असते, मग तपकिरी होऊन कागदासारखी वाळते, पण तिचं काम तेव्हाही चालूच असतं. मुळं झाकायची, पाणी धरून ठेवायचं, रानात तर वरून पडणारा पालापाचोळा अडवून त्याचं खत करायचं. एकावर एक ढाली चढत जातात आणि झाडाची स्वतःची कुंडी तयार होते.

सह्याद्रीत पावसाळ्यात भटकणाऱ्यांनी झाडांच्या खोडांवर बाशिंग नावाचं फर्न बघितलं असेल, त्याच्याही बुडाशी अशीच वाळकी तपकिरी पानं असतात आणि लोकांना वाटतं अर्धं झाड मेलंय. बाशिंग आणि स्टॅगहॉर्न एकाच कुळातले, दोघांची युक्तीही तीच. आपल्याकडे नर्सरीत जे सर्रास मिळतं ते प्लॅटिसेरियम बायफरकेटम, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या रानातलं, तिथेही ते खोडांवरच वाढतं. पाऊस आला की चिंब आणि मग वाऱ्याने सुकून जाणं, हेच त्याचं आयुष्य, आपण घरी तेवढंच जमवायचंय.

काकांनी ढाल काढली तिथे ओला स्फॅग्नम मॉस लावा, जाड दोऱ्याने किंवा मासेमारीच्या तंगूसाने बांधा, दोरा मधल्या कोंबावरून मात्र जाऊ देऊ नका. नवीन ढाल येईपर्यंत पाण्याकडे जास्त लक्ष ठेवा.

प्रश्न : पावसाळ्यात झाड गॅलरीत उघड्यावर ठेवलं, तर ऑगस्टमध्ये शिंगं बुडाशी काळी पडून गळायला लागली. बुरशीचं औषध मारू का? (एक वाचक, ठाणे)

टोकाकडून वाळलं तर बहुतेक पाणी कमी, बुडाकडून काळं पडलं तर पाणी जास्त, हे लक्षात ठेवा. माझं पहिलं झाड मी असंच घालवलं, जुलैभर पावसात होतं आणि वर मी प्रेमाने मगभर पाणी घालत होते. ढालीच्या मागे बोट घातलं तर सगळं लिबलिबीत आणि कुजक्या भाजीसारखा वास. आजही वाईट वाटतं, कारण नुसतं पत्र्याखाली सरकवलं असतं तरी जगलं असतं.

औषधाआधी झाड आडोशाला घ्या, जिथे वारा लागतो पण पाऊस नाही. काळी मऊ पानं काढा, कुजलेला मॉस चिमट्याने जमेल तेवढा काढा, मधला कोंब दाबून बघा. टणक आणि हिरवट असेल तर आशा आहे. मग फळी हलकी होईपर्यंत पाणी अजिबात नाही, मुंबई-ठाणे-कोकणच्या पावसाळ्यात कधी कधी दोन-तीन आठवडेही लागतात, घाबरू नका.

प्रश्न : पाणी शुद्ध करायच्या आरओ मशीनच्या नळीतून बाहेर पडणारं पाणी वाया जातं, ते चालेल का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

नको. गाळून बाजूला काढलेले क्षार त्याच पाण्यात असतात आणि ते मॉसमध्ये साठत जातात. फरशी पुसायला वापरा. झाडाला पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम, नाहीतर नळाचं रात्रभर उघडं ठेवलेलं. बोअरचं जड पाणी असेल आणि मॉसवर पांढरा थर दिसला तर अधूनमधून पावसाच्या पाण्यात भिजवून काढा.

प्रश्न : पानांच्या टोकांखाली तपकिरी मखमलीसारखे डाग आलेत, आणि पानांवर पांढरी भुकटी पण आहे. ओल्या फडक्याने पुसतेय पण डाग जात नाहीत. (एक वाचक, पणजी)

पुसणं आजच थांबवा ताई. टोकांखालचे डाग म्हणजे बीजाणू, फर्नच्या बियांसारखेच, झाड वयात आल्याची खूण आहे ती. आणि भुकटी वाटते ती पांढरी लव आहे, तिच्यामुळे पानातलं पाणी कमी उडतं, एकदा पुसली गेली की त्या पानावर परत येत नाही. धूळ बसली तर लांबून हलका शॉवर मारा, सकाळी, म्हणजे दुपारपर्यंत पानं सुकतील.