प्रश्न आपल्या वाहनांचे : ऑक्सिजन सेन्सर बदलूनही दिवा का पेटतो?

प्रश्न : माझ्याकडे बीएस-६ डिझेल पिकअप आहे. पहाटे मांजरीहून मार्केट यार्डात भाजी पोहोचवायची आणि दिवसभर हडपसर, कॅम्प भागात लहानसहान भाडी करायची, असा तिचा क्रम असतो. काही दिवसांपूर्वी चेक इंजिनचा दिवा लागला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर पी०१३३, पी०४०१ आणि पी२४६३ असे तीन कोड निघाले. पहिला कोड ऑक्सिजन सेन्सरचा म्हणून सेन्सर नवा बसवला आणि कोड पुसले. परंतु आठवड्याच्या आत दिवा पुन्हा लागला आणि तेच तिन्ही कोड परत आले. आता एक जण ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणारी झडप) बदलायला सांगतो, तर दुसरा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढूनच टाका म्हणतो. चढावर गाडीला पूर्वीसारखी ओढ राहिलेली नाही. काय करावे?
— एक वाचक, मांजरी

उत्तर : तीन कोड म्हणजे तीन निरनिराळे बिघाड असे समजून आपण तीन भाग बदलू नयेत, ही पहिली विनंती. स्कॅनरवर सेन्सरचे नाव आले म्हणजे सेन्सरच निकामी झाला, असे नसते. त्याच्याकडून आलेली नोंद ईसीयूने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाने, मांडलेल्या हिशेबाशी जुळत नाही, एवढेच तो कोड सांगत असतो. पी०१३३ म्हणजे ऑक्सिजन सेन्सरचा प्रतिसाद मंद आहे, पी०४०१ म्हणजे ईजीआरमधून इंजिनात परत येणारा वायू अपेक्षेपेक्षा कमी भरतो आहे आणि पी२४६३ म्हणजे डीपीएफमध्ये काजळी मर्यादेबाहेर साचली आहे.

या तिघांना एका सूत्रात बांधणारी खूण आपल्या पत्राच्या शेवटी आहे : चढावर ओढ कमी झाली आहे. हवा दाबून भरणाऱ्या टर्बोपासून ती गार करणाऱ्या इंटरकूलरपर्यंत आणि तेथून इंजिनपर्यंत दाबाची हवा नेणारा एखादा रबरी होज फाटला असेल किंवा त्याचा क्लॅम्प सैल झाला असेल, तर एअर फिल्टरपाशी बसवलेला मॅफ सेन्सर जी हवा मोजतो, तिच्यातली काही वाटेतच बाहेर निघून जाते. ईसीयूला मात्र ती सगळी सिलिंडरमध्ये पोहोचली असेच वाटते. त्यामुळे डिझेल त्या हिशेबाने पडते, हवा अपुरी पडते आणि काजळी वाढते. ती डीपीएफमध्ये साचते आणि ऑक्सिजन सेन्सरच्या टोकावरील जाळीदार टोपणातही बसते, म्हणून नवा सेन्सरही थोड्याच दिवसांत मंदावू शकतो. ईजीआरचा कोडही यातूनच निघतो, कारण ईजीआर उघडल्यावर बाहेरची हवा किती घटली, यावरूनच अनेक गाड्यांचे ईसीयू ईजीआरचा प्रवाह ताडतात. गळतीमुळे मॅफचा आकडा पुरेसा उतरत नाही. तो उतरावा म्हणून ईसीयू व्हॉल्व्ह आणखी उघडतो, आणि तरीही मेळ बसला नाही की पी०४०१ नोंदवतो. व्हॉल्व्ह बदलून या गणितात काहीही फरक पडणार नाही.

हे निदान पत्रावरून केलेले आहे, त्यामुळे खातरजमा गाडीवरच करावी लागेल. आता कोड पुसू नयेत. प्रत्येक कोडबरोबर फ्रीझ फ्रेम साठवलेली असते. कोड पडला त्या क्षणी इंजिनचे फेरे, भार, वेग आणि तापमान किती होते, हे तिच्यात दिसते. ती आधी लिहून घ्यावी. मग इंजिन बंद ठेवून केवळ चावी फिरवावी आणि स्कॅनरवर आकडे पाहावेत. इनटेकमधील दाब दाखवणारा मॅप सेन्सर या वेळी बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे हा आकडा येथे ९४ ते ९५ किलोपास्कलच्या आसपास येतो. पुस्तकातला समुद्रसपाटीचा १०१ शोधत बसून चांगला सेन्सर बाद करणारे कारागीर भेटतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले. डीपीएफच्या दोन बाजूंमधील दाबाचा फरक मात्र या अवस्थेत शून्य असला पाहिजे. तो शून्य नसेल, तर काजळीचा आकडाही विश्वासार्ह नाही. त्या सेन्सरच्या दोन बारीक नळ्या तडकल्या आहेत का, हे आधी पाहावे.

त्यानंतर होज तपासावेत. गळतीच्या जागी बहुधा तेलकट ओल दिसते. न दिसल्यास फिल्टरच्या बाजूने कमी दाबाची हवा सोडून सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. मॅफ सेन्सर त्याच्यासाठीच्या क्लीनरने स्वच्छ करण्यास हरकत नाही. फडक्याने पुसू नये.

आता ऑक्सिजन सेन्सरची खरी परीक्षा. पेट्रोल किंवा सीएनजी गाड्यांवर हात बसलेल्या मेकॅनिकला जुन्या पद्धतीच्या सेन्सरचे व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान वरखाली होताना पाहण्याची सवय असते आणि डिझेलमध्ये तसे दिसले नाही की तो सेन्सर गेला म्हणतो. डिझेल इंजिन बहुतांश वेळ जास्तीच्या हवेवरच चालते, त्यामुळे त्याचा वाइडबँड सेन्सर असा हेलकावत नाही. तो धुरातील ऑक्सिजनचे प्रमाणच मोजतो. परीक्षेसाठी गाडी पूर्ण तापल्यावर दिवे घाटासारख्या उतारावर, वाहतूक कमी असताना, तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारांच्या वर फेरे असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडावा आणि क्लच दाबू नये. स्कॅनर शेजारी बसलेल्या माणसाने पाहावा. या वेळी डिझेल पूर्ण बंद होते आणि सायलेन्सरमधून केवळ हवा जाते, म्हणून सेन्सरचा आकडा काही क्षणांत २१ टक्क्यांच्या जवळ चढायला हवा. तो रेंगाळत चढला, तर टोकावर काजळी आहे. जवळ पोहोचतच नसेल आणि सेन्सरला तापवणारा हीटर व वायरिंग ठीक असेल, तर मात्र सेन्सरवर संशय घ्यावा. आपण नवा सेन्सर बसवण्यापूर्वी ही एक फेरी झाली असती, तर तो खर्च वाचला असता.

मूळ कारण दूर झाल्यावरच डीपीएफकडे वळावे. काजळी जाळण्यासाठी धुराचे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या घरात जावे लागते आणि गाडी काही वेळ एका वेगाने चालावी लागते. हडपसरच्या वाहतुकीत हे घडत नाही. साचलेले प्रमाण कंपनीने दिलेल्या मर्यादेत असेल, तर स्कॅनरने सर्व्हिस रिजनरेशन, म्हणजे ही काजळी जाळण्याची क्रिया, करता येते, पण ते मोकळ्या जागी करावे, उसाच्या पाचटाजवळ कदापि नाही. त्याआधी ऑइलची पातळी अवश्य पाहावी, कारण अर्धवट राहिलेल्या प्रत्येक रिजनरेशनमध्ये थोडे डिझेल ऑइलमध्ये उतरते. पातळी खुणेच्या वर गेली असेल, तर ऑइल बदलावे आणि तेही पुस्तिकेत सांगितलेल्या कमी राखेच्या दर्जाचेच घ्यावे. ऑइलची राख काजळीप्रमाणे जळून जात नाही, ती डीपीएफमध्ये कायमची साठते.

डीपीएफ काढण्याचा सल्ला मानू नये. तो बेकायदेशीर फेरबदल आहे, आणि फाटलेला होज त्यानंतरही फाटलेलाच राहील.

प्रश्न : पावसाळ्यात पी०१३५ हा ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचा कोड येतो आणि ऊन पडले की जातो. नाना पेठेत स्वस्तात सेन्सर मिळतो. जुन्या कनेक्टरची तार जोडून बसवू का?
— एक वाचक, धायरी

उत्तर : जोडू नये. हा दोष प्रथमदर्शनी विजेचा आहे. फ्यूज, कनेक्टरमधील हिरवट गंज आणि सायलेन्सरला टेकून वितळलेली तार पाहावी, आणि मल्टिमीटरने हीटरचा रोध मोजावा. गार सेन्सरमध्ये तो काही ओहमच असतो. तो ठीक असेल, तर सेन्सर बदलण्याचे कारणच उरत नाही. बदलावा लागलाच, तर अनेक वाइडबँड सेन्सरच्या कनेक्टरमध्ये त्या विशिष्ट सेन्सरशी जुळवलेला एक लहान रेझिस्टर असतो, हे ध्यानात ठेवावे; जुना कनेक्टर नव्या तारांना जोडला, तर मापन चुकते.

प्रश्न : चेक इंजिनचा दिवा लागलेला असूनही पीयूसी मिळाली. मग दुरुस्ती कशाला?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : डिझेल वाहनाच्या पीयूसीत जागेवर उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून धूर किती दाट आहे, हे पाहिले जाते. नायट्रोजनची ऑक्साइडे त्या यंत्राला दिसत नाहीत. ती कोथरूडच्या एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थेत, नव्या मॉडेलला मान्यता देताना मोजली जातात. ईजीआर बंद अवस्थेत अडकला, तर धूर उलट कमी होतो आणि ही ऑक्साइडे वाढतात, म्हणून दिवा आणि पीयूसी दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. कोड वाचून घ्यावेत, आणि तोपर्यंत बॅटरीची तार काढून दिवा घालवू नये, कारण बऱ्याच गाड्यांत त्याबरोबर फ्रीझ फ्रेमही पुसली जाते.