नागपूरच्या उन्हात इलेक्ट्रिक स्कूटर घ्यावी का? घेतली तर कशी जपावी?

तुम्ही लिहिलंय की मनीषनगरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, रोज हिंगणा एमआयडीसीला जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर होतात आणि सतरा वर्षांच्या मुलीलाही गाडी चालवायची आहे. स्कूटर जरूर घ्या. पण शोरूममध्ये जाण्याआधी वायरमनला घेऊन पार्किंगमध्ये उतरा. तुमच्या मीटरवरून तुमच्या जागेपर्यंत वायर आणता येते का, सोसायटी परवानगी देते का, हे आधी ठरू द्या. नागपुरात गाडीपेक्षा प्लगच जास्त महत्त्वाचा, असं माझं तीन उन्हाळ्यांनंतरचं मत आहे.

मागच्या मे महिन्यात पार्किंगमधला प्लग बंद पडला, म्हणून मी खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडला. त्याच बोर्डवर हॉलमधला कूलर चालू होता. रात्री जळका वास आला. उठून बघतो तर पिन काळी पडलेली, बोर्डाचं प्लास्टिक वितळलेलं, आणि मुलं त्याच खोलीत झोपलेली. लोड तसा फार नव्हता. पण बोर्डातली पट्टी सैल होती, आणि सैल जोडणीतून तासन्तास करंट वाहिला की ती तापतेच. तेव्हापासून स्वतंत्र लाइन आहे: १६ अँपिअरचं सॉकेट, वेगळी एमसीबी (जास्त करंट गेला की लाइन तोडणारा स्विच), आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि तपासून घेतलेलं अर्थिंग. तुमच्याकडे तीन मजल्यांचं अंतर आहे, तेव्हा ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाकायला सांगा.

पार्किंगमध्ये प्लग मिळत नाही म्हणून काढता येणारी बॅटरी घेऊन ती रात्री घरात चार्ज करायचा विचार असेल, तर कृपा करून सोडा. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत दिवाणखान्यात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा गेला. त्यानंतर एआयएस-१५६ हे बॅटरीच्या सुरक्षिततेचे सरकारी नियम कडक झाले. म्हणून त्याआधीची जुनी गाडी किंवा बाहेरून ‘स्वस्तात बनवून’ दिलेला पॅक मी तरी घेणार नाही.

रेंजचं फार मनावर घेऊ नका. ३ किलोवॅट-अवरची (म्हणजे ३ युनिट वीज मावणारी) बॅटरी एकदा भरली की रोजच्या चालवण्यात ८०-९० किलोमीटर जाते. तुम्हाला ते पुरून उरेल, मोठ्या बॅटरीचे पैसे वाचवा. त्यापेक्षा बॅटरी एलएफपी आहे की एनएमसी, हे विचारा; हे लिथियम बॅटरीचे दोन प्रकार आहेत. एलएफपी थोडी जड असते, पण उष्णता जास्त सहन करते आणि टिकतेही जास्त. पारा ४५ च्या वर जाणाऱ्या गावात मी तीच निवडीन.

उन्हाळ्यात कंपनीत गाडी सावलीत लावा, निदान झाडाखाली तरी. संध्याकाळी घरी आल्या आल्या चार्जर लावू नका. तापलेल्या सिमेंट रोडवरून आलेली बॅटरी आधीच गरम असते. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मी रात्री दहानंतरच लावतो. रोज शंभर टक्के भरायची गरज नाही, ८० वर थांबवलं तरी तुमचे दोन दिवस निघतात.

पावसाळ्याचं एक लक्षात ठेवा. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, तेव्हा कितीतरी पार्किंग पाण्यात गेली. बॅटरीवर लिहिलेलं आयपी६७ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणं, तेही नव्या, धड सीलच्या बॅटरीला. स्कूटर बुडालीच तर चालू करू नका, चार्जिंगला लावू नका, सर्व्हिस सेंटरला उचलून न्यायला सांगा.

मुलीला मात्र अठरा पूर्ण होऊन लायसन्स मिळेपर्यंत थांबवा. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, २५० वॉटच्या गाडीलाच लायसन्स लागत नाही. तुम्ही घेणार ती त्यात बसणार नाही. अल्पवयीन मुलाने अशी गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे. तिला शिकवाल तेव्हा पहिली सवय ही लावा: गाडी थांबली की आधी बंद करायची, मग उतरायचं. इंजिनाचा आवाज नसल्याने गाडी चालू आहे हे विसरायला होतं, आणि पुढे उभ्या असलेल्या लहान पोराचा हात अ‍ॅक्सिलरेटरवर पडला की ती क्षणात उसळते.