एसवायचं फिजिक्स : डेरिव्हेशन पाठ, पण कळत काहीच नाही

तालुक्याच्या कॉलेजात एसवाय बीएस्सी, दहावीपर्यंत मराठी माध्यम, एफवायला मार्क चांगले. तरी 'डेरिव्हेशन (सूत्रांच्या सिद्धता) पाठ आहेत पण कळत काही नाही, जॅम (आयआयटी वगैरेंतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा) जमेल का, इंजिनिअरिंग सोडलं ते चुकलं का' असं विचारलंयस. मी बरीच वर्षं बीएस्सीची प्रॅक्टिकल घेतली, त्यामुळे लॅबपासूनच सुरुवात करतो. कळतंय की नाही, हे तिथे लगेच उघडं पडतं.

न्यूटन्स रिंग्ज तुम्हाला असणारच : सपाट काचेवर फुगीर भिंग ठेवून दिसणाऱ्या काळ्या-उजळ रिंगांवरून प्रकाशाची तरंगलांबी काढायची. जर्नलांचा गठ्ठा तपासायला घेतला की जवळपास प्रत्येकाचं उत्तर ५८९३ अँगस्ट्रॉम, फार तर ५८९०. सोडियम दिव्याच्या प्रकाशाची तरंगलांबी पुस्तकात छापलेलीच असते, मग रीडिंग उलटी बसवायला कितीसा वेळ लागतो? आता जरा हिशोब कर. भिंगाची वक्रता त्रिज्या १ मीटर धर. ती मोजायच्या स्फेरोमीटरच्या तीन पायांमधलं अंतर ४ सेंमी असेल, तर मधला स्क्रू सपाट काचेच्या मानाने जेमतेम ०.२७ मिमी वर जातो. स्फेरोमीटरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०१ मिमी. म्हणजे एक घर इकडे-तिकडे झालं की त्रिज्या जवळजवळ ४ टक्के चुकली, आणि तरंगलांबी दोनशेहून जास्त अँगस्ट्रॉमने सरकली. रिंगचा व्यास मोजायच्या मायक्रोस्कोपची चूक त्यामानाने किरकोळ. दहाव्या रिंगचा व्यास साधारण ४.८६ मिमी, विसाव्याचा ६.८७, तिथे ०.०२ मिमीने चुकलास तरी उत्तर दोन टक्क्यांच्या आत राहतं. तेव्हा या सामानावर ५७०० आलं किंवा ६१०० आलं तरी काम चोख आहे. एक्सटर्नलसमोर (बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर) '५७०० आलंय, आणि चूक मुख्यतः स्फेरोमीटरची आहे' असं आकड्यांसकट सांगणारा मुलगा क्वचित भेटतो. भेटला की आम्ही खुर्चीत सरळ होऊन बसतो.

व्हायव्हाचा (तोंडी परीक्षेचा) ठरलेला प्रश्न : मधला ठिपका काळा का? भिंग काचेला टेकतं तिथे हवेची फट शून्य, पण खालच्या काचेवरून परावर्तन होताना लाटेची फेज अर्ध्या तरंगलांबीइतकी उलटते आणि भिंगावरून व काचेवरून परतलेल्या लाटा एकमेकींना खोडतात, म्हणून. हे सगळ्यांना पाठ असतं. माझा पुढचा प्रश्न असायचा : 'तुझ्याकडे मधला ठिपका काळा दिसत नाहीये, आता?' मध्ये धुळीचा कण अडकला की असं होतं आणि कुठली रिंग कितवी याचाच भरवसा राहत नाही. तरी उत्तर बिघडत नाही. व्यासाचा वर्ग आणि रिंगचा क्रमांक यांचा ग्राफ काढलास तर धुळीने किंवा चुकीच्या मोजणीने सगळी रेष वर-खाली सरकते, उतार तोच राहतो. आणि तरंगलांबी आपण उतारावरूनच काढतो. एकाच रिंगवरून उत्तर का काढत नाहीत, ते इथे कळतं.

थिअरीलाही हेच कर. डेरिव्हेशन संपलं की वही मिटू नकोस. व्हॅन डर वाल्सच्या समीकरणात आकारमान खूप वाढवून बघ, आदर्श वायूचं समीकरण परत येतं का? डॅम्पिंग (घर्षणाने दोलन विझत जाणं) शून्य केल्यावर साधं दोलन मिळतं का? घर्षण वाढलं तर काय व्हायला हवं, ते आधी मराठीत एका वाक्यात लिही, मग सूत्राला विचार. इंग्रजीची भीती याने आपोआप कमी होते, त्यासाठी वेगळा क्लास लावायची गरज नाही.

गणिताला मात्र पळवाट नाही. पार्शल डेरिव्हेटिव्ह, डिफरन्शियल इक्वेशन आणि व्हेक्टर कॅल्क्युलस हाताने सोडवल्याशिवाय टीवायचा क्वांटम नि इलेक्ट्रोडायनॅमिक्स डोक्यावरून जाणार. ग्रिफिथ्सच्या इलेक्ट्रोडायनॅमिक्सचं पहिलं अख्खं प्रकरण व्हेक्टर ॲनालिसिसचं आहे, ते उगाच नाही. यूट्यूबवर लेक्चर जरूर बघ, पण गणित व्हिडिओ थांबवून स्वतः कर. नुसतं बघून 'कळलं' वाटतं, ते पेपरात कामाला येत नाही.

जॅमचं थोडक्यात : ३ तास, ६० प्रश्न, १०० मार्क. त्यातल्या २० प्रश्नांना पर्यायच नसतात, आकडा स्वतः काढून टाकायचा. त्यांना निगेटिव्ह मार्किंगही नाही. पाठ केलेलं डेरिव्हेशन तिथे निरुपयोगी. बराचसा सिलॅबस एफवाय-एसवायचाच आहे, तेव्हा टीवायची वाट बघू नकोस, जुने पेपर आत्ताच काढ. संशोधन संस्थांमधल्या प्रवेशासाठीची जेस्ट परीक्षा आणि टीआयएफआर (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) इथले प्रवेशही लक्षात ठेव.

जमलं तर २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमाराला नारायणगावजवळ खोडदला जाऊन जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघ. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आणि त्यांच्या ४३५ जोड्या. प्रत्येक जोडीत चालतं ते दोन लाटांचं इंटरफेरन्सच (एकमेकींत मिसळून वाढणं किंवा खोडलं जाणं), जे तू रिंग्जमध्ये मोजतोस.

राहिलं इंजिनिअरिंग. नुसत्या बीएस्सी फिजिक्सवर बरी नोकरी मिळणं अवघड आहे, एमएस्सी किंवा बीएड धरूनच चाल, आणि घरच्यांना हे आजच स्पष्ट सांग. एवढी वर्षं घरून निभणार नसतील तर आत्ताच प्रोग्रामिंग शिकायला लाग. पायथॉनमध्ये डॅम्प्ड दोलनाचा ग्राफ काढता आला तर तो फिजिक्सचाही अभ्यास झाला. तुझ्याकडे जोडविषय गणित आहे की इलेक्ट्रॉनिक्स, ते कळव. इलेक्ट्रॉनिक्स असेल तर गणिताचं काय करायचं ते वेगळं लिहितो.