आधी चिप, मग लस, तिकीट सगळ्यांत शेवटी

प्रश्न : मिस्टरांची बदली जर्मनीत म्युनिकला झाली आहे. आम्ही चौघं जूनच्या पहिल्या आठवड्यात निघणार. आमचा चिकू पाच वर्षांचा, गावठी, १९ किलोचा. पाथर्डी फाट्यावर पिल्लू असताना मुलांना सापडला. रेबीजची लस दरवर्षी दिली आहे, कार्ड आहे. एजंट म्हणतो, 'डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट आणा, बाकी मी बघतो.' कुणी सांगतं, विमानात बसवताना झोपेची गोळी द्या. सासूबाई म्हणतात, मुक्या जिवाचे हाल करण्यापेक्षा निफाडला मळ्यात ठेवा. काय करावं?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, चिकूला घेऊनच जा. पण जूनचा पहिला आठवडा जमणार नाही, हे आधीच सांगते. तुमचं पत्र फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात हाती आलं, हिशेब तिथून धरू.

आपल्याकडे रेबीज असल्यामुळे भारतातून येणाऱ्या कुत्र्यासाठी युरोपीय संघाचे नियम कडक आहेत. सर्वांत आधी लागते १५ अंकी मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी असते, मानेजवळ कातडीखाली सुईने बसवतात. चिप बसण्याआधी दिलेली लस तिथे धरतच नाहीत. चिकूला त्या लसींचा उपयोग झाला आहे, पण कागदावर त्या शून्य. तेव्हा याच आठवड्यात चिप बसवा, डॉक्टरांकडून ती स्कॅनरवर वाचून घ्या, नंबर कार्डावर लिहून घ्या आणि मगच रेबीजची लस द्या.

लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं. ते युरोपीय संघाची मान्यता असलेल्या लॅबमध्येच तपासावं लागतं आणि प्रतिपिंडांचं (लसीमुळे रक्तात तयार होणाऱ्या रोगाशी लढणाऱ्या घटकांचं) प्रमाण मिलीलीटरमागे किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक यावं लागतं. त्यानंतर तीन महिने थांबायचं. हे तीन महिने रक्त काढल्याच्या तारखेपासून मोजतात, रिपोर्टच्या तारखेपासून नाही. आता चिप आणि लस, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात रक्त, म्हणजे जूनचा दुसरा आठवडा उलटतो. आकडा कमी आला तर पुन्हा लस, पुन्हा रक्त, पुन्हा तीन महिने. म्हणून रिपोर्ट हातात पडेपर्यंत स्वतःचं तिकीट काढू नका. दरवर्षी लस घेतलेल्या कुत्र्याचा रिपोर्ट सहसा चांगला येतो, तेवढी काळजी कमी. पुढे लस वेळच्या वेळी देत राहिलात तर ही रक्ततपासणी पुन्हा करावी लागत नाही. भारतात सुट्टीला येताना चिकू बरोबर असेल तर ते उपयोगी पडेल.

मिस्टरांना जूनमध्येच हजर व्हायचं असेल तर ते पुढे जाऊ देत. मात्र कुत्रा आणि मालक यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं तर तो मालकाबरोबरचा खासगी प्रवास धरत नाहीत, व्यापारी आयातीचे नियम लागतात. म्हणून सगळ्या कागदांवर मालक म्हणून तुमचं नाव घाला आणि तुम्हीच त्याच्याबरोबर जा.

एजंटचं म्हणणं अर्धवट आहे. माझ्यासारख्या खासगी डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर चिकूला जर्मनीत घेणार नाहीत. केंद्र सरकारच्या पशु क्वारंटाइन विभागाकडून निर्यातीचा आरोग्य दाखला घ्यावा लागतो, आणि सरकारी पशुवैद्यकाने दिलेलं युरोपीय नमुन्यातलं सर्टिफिकेट तिथे पोहोचेपर्यंत दहा दिवसांपेक्षा जुनं चालत नाही. ही धावपळ शेवटच्या आठवड्यातच करावी लागते. मुंबईला नातेवाईक असतील तर तेवढे दिवस तिकडेच राहा.

झोपेची गोळी? अजिबात नको! गुंगीत रक्तदाब उतरतो, शरीराचं तापमान सांभाळता येत नाही, प्रवासाची पेटी हलली तर तोल जातो, आणि विमानाच्या खालच्या, सामानाच्या भागात त्याच्याजवळ बघायला कुणी नसतं. गुंगी दिलेला कुत्रा बहुतेक विमान कंपन्या घेतही नाहीत. केबिनमध्ये बहुतेक ठिकाणी पिशवीसकट आठ किलोच्या आसपासचेच कुत्रे नेता येतात, त्यामुळे चिकू खालच्या भागात जाईल. तिथे हवेचा दाब आणि तापमान राखलेलं असतं. पण एका विमानात कुत्र्यांसाठी जागा मोजक्याच असतात. आधी त्याची जागा पक्की करा, मग तुमची. विमान थेट घ्या. मध्ये बदलावं लागलं तर पेटी विमानतळावर उन्हात थांबू शकते.

खरी तयारी पेटीची. तो ताठ उभा राहील, वळेल आणि पाय पसरून झोपेल एवढी पेटी आजच आणा. दार काढून ती घरात ठेवा, त्याचं जेवण तिच्यातच द्या. तो आपणहून आत जाऊन झोपू लागला की दार लावा, आधी पाच मिनिटं, मग तासभर. मग त्याला पेटीत घालून गाडीने कसारा घाट उतरून या. आवाज, हेलकावे, ट्रकचे हॉर्न, सगळं अंगवळणी पडेल. माझ्या दवाखान्यात येणाऱ्यांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते, कारण कागद पैसे देऊन होतात, पेटीची सवय नाही होत.

सासूबाईंच्या मनात माया आहे, हे मला दिसतं. पण निफाडच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या कुत्री उचलतो, आणि चिकूला अंगणात एकटं झोपायची सवय नाही. त्यांना घेऊन दवाखान्यात या, मी समजावते. येताना लसीचं कार्ड आणि तुमच्या पासपोर्टची झेरॉक्स आणा, म्हणजे कागदांवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळेल.