माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीवर नवीन आलात? आधी संमतीपत्र वाचा

प्रोटोकॉलची, म्हणजे अभ्यासाच्या आराखड्याची, जाडजूड फाइल राहू द्या बाजूला, आधी संमतीपत्र वाचा, तेही मोठ्याने. ‘यादृच्छिक गटविभागणी’ असं छापलेलं दिसलं तर परत पाठवा; ‘कोणाला कोणतं औषध मिळेल हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल’ असं लिहायला सांगा. मधेच बाहेर पडलं तरी नेहमीचे उपचार सुरूच राहतील, हे वाक्य शोधाच. संमतीपत्र इतकं का महत्त्वाचं? अमेरिकेतल्या टस्कीगी इथल्या अभ्यासात १९३२ ते १९७२ या काळात सिफिलिसच्या रुग्णांना त्यांचा आजारसुद्धा सांगितला नव्हता.

अभ्यासात तुमचा स्वतःचा हात असेल तर निर्णयाच्या वेळी खोलीबाहेर जा, कुणी भिडेखातर थांबवलं तरी. आणि मंजुरी दिली की सुटलो, असं नसतं. गंभीर दुष्परिणामांचे अहवाल, प्रोटोकॉलमधले बदल, ठरावीक काळाने आढावा, सगळं पुन्हा समोर येतं (नेमक्या तेव्हाच निम्मे सदस्य घड्याळ बघतात). धोका वाढलेला दिसला तर दिलेली मंजुरी समिती मागेही घेऊ शकते.