कुलगुरूंचं पत्र राहू दे

तुझा मेसेज दोनदा वाचला. एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीचं शेवटचं सत्र चालू आहे, मेंदूच्या आजारांवर परदेशात पीएचडी करायची आहे, शक्यतो जर्मनीत. प्रश्न तीन: ज्या विद्यापीठाचा प्रमुख स्वतःच या विषयातला नावाजलेला शास्त्रज्ञ आहे तिथे अर्ज करावा का, बाबांच्या ओळखीतून कुलगुरूंचं शिफारसपत्र मिळतंय ते जोडावं का, आणि घरून किती पैसे घालावे लागतील. मला अक्का म्हणालीस म्हणून सविस्तर लिहितेय. इथे जर्मनीत, ट्युबिंगेनमध्ये, मला कुणी अक्का म्हणत नाही.

आधी पत्राचं. नको जोडूस. सोलापुरात त्या कागदाचं वजन किती असतं ते मला माहीत आहे. पण इथला प्राध्यापक शिफारसपत्रात एकच गोष्ट शोधतो, या माणसाने या मुलीला काम करताना पाहिलंय का. कुलगुरूंवर सगळ्या जिल्ह्यातली महाविद्यालयं, परीक्षा, निकाल यांचा भार. त्यांनी तुला पिपेट धरताना कधी पाहिलं? पत्रात 'होतकरू, मनमिळाऊ, चारित्र्यवान' येईल आणि वाचणारा पान उलटेल. त्यापेक्षा प्रोजेक्टच्या गाईडकडून पत्र घे. तीन वेळा वेस्टर्न ब्लॉट (नमुन्यातलं ठरावीक प्रथिन ओळखायची चाचणी) फसल्यावर चौथ्यांदा तू अँटीबॉडीचं प्रमाण बदललंस आणि वहीत तारीख घालून लिहिलंस, एवढं त्यांनी लिहिलं तरी पुष्कळ झालं. सर इंग्रजी लिहायला बिचकत असतील तर काय काय केलंस याचे मुद्दे त्यांना काढून दे, पत्र मात्र त्यांनाच लिहू दे. स्वतः लिहून नुसती सही घेतलेली पत्रं ओळखू येतात, कारण एकाच अर्जातली तिन्ही पत्रं एकाच वळणाची असतात.

जाता जाता पदांच्या नावांचा घोळ सांगते. आपल्याकडे कुलपती म्हणजे राज्यपाल, आणि विद्यापीठ चालवतात पाच वर्षांसाठी नेमलेले कुलगुरू, म्हणजे व्हाइस चान्सलर. जर्मनीत विद्यापीठाचा प्रमुख रेक्टर किंवा प्रेसिडेंट, आणि 'कान्सलर' म्हणजे हिशेब, इमारती, नोकरभरती बघणारा प्रशासनप्रमुख. मी पहिल्या वर्षी 'ऑनरेबल चान्सलर सर' असा मायना घालून संशोधनाबद्दल मेल पाठवला होता. तो बहुधा वीजबिलाच्या फायलीत गेला असेल.

आता मोठ्या नावाचं. प्रमुखपदावर बसलेल्या शास्त्रज्ञाकडे लॅब असली तरी वेळ नसतो. तुझे आकडे बघणार पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर लॅबमध्ये कंत्राटावर असलेला संशोधक, आणि त्याचं स्वतःचं कंत्राट दोन वर्षांत संपणार. शिवाय अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचं उदाहरण तुला माहीत असायला हवं. मार्क टेसिए-लाव्हिन चेतापेशींवर मोठं काम केलेले शास्त्रज्ञ, २०१६ पासून तिथले अध्यक्ष. २०२२ च्या शेवटी तिथल्याच विद्यार्थी वृत्तपत्राने त्यांच्या जुन्या शोधनिबंधांतल्या चित्रांवर बोट ठेवलं. जुलै २०२३ मध्ये चौकशी समितीचा अहवाल आला. त्यांनी स्वतः गैरप्रकार केला नव्हता. पण त्यांच्या देखरेखीखालच्या लॅबमध्ये काही निबंधांतली माहिती फिरवलेली दिसली, आणि चुका कळल्यावर त्या ठामपणे दुरुस्त करायला ते कमी पडले. त्यांनी अध्यक्षपद सोडलं. अल्झायमरवरच्या २००९ च्या गाजलेल्या निबंधात समितीला फसवणूक आढळली नाही, काटेकोरपणा कमी पडलेला आढळला, आणि तो निबंध डिसेंबर २०२३ मध्ये मागे घेतला गेला.

हे वाचून घाबरू नकोस, त्यातून प्रश्न काढ. मुलाखतीत शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का' म्हणतात तेव्हा आपली मुलं 'नो सर, थँक यू' म्हणून मोकळी होतात. तू विचार: मूळ आकडे कुठे ठेवता? दुसऱ्याने तोच प्रयोग करून पाहिल्याशिवाय छापता का? आणि आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली? त्या विद्यार्थ्यांना वेगळा मेलही टाक. उत्तर आलं नाही तर तेही उत्तरच समज. जर्मन विद्यापीठांत संशोधनातल्या गैरप्रकारांसाठी ओम्बुड्स व्यक्ती, म्हणजे तक्रारी ऐकणारी तटस्थ व्यक्ती, नेमलेली असते, नाव संकेतस्थळावर असतं. विद्यापीठाचं नेतृत्व कसं आहे हे मला तिथे कळतं, रेक्टरच्या भाषणात नाही.

काम नेमकं कसं असतं तेही सांगते, कारण तुझ्या मेसेजमध्ये 'अल्झायमरवर औषध शोधायचं' असं वाक्य आहे. माझा विषय आल्फा-सिन्युक्लिन. १४० अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन. पार्किन्सनमध्ये त्याचे धागे होतात आणि चेतापेशीत गोळे साचतात, त्यांना लेवी बॉडी म्हणतात. या प्रथिनाचा आजाराशी असलेला संबंध १९९७ मध्ये पुढे आला. ते धागे नळीत बनवायचे तर ३७ अंशांवर दिवसेंदिवस हलवत ठेवायचं, थायोफ्लेविन-टी हा धाग्यांना चिकटून चकाकणारा रंग घालायचा आणि चकाकी मोजायची. एकाच बाटलीतलं प्रथिन प्लेटमधल्या शेजारशेजारच्या तीन खणांत घातलं तरी धागे बनायच्या तीन वेगळ्या वेळा येतात. मीठ थोडं बदललं, प्लेट दुसऱ्या कंपनीची आली, की सगळं पुन्हा पहिल्यापासून. आमचे आजोबा यंत्रमागावर होते. सूत तुटलं की माग थांबायचा, गाठ मारली की चालू. माझं सूत तुटलंय हे मला चार महिन्यांनी कळलं होतं. हे चार महिने सोसायची तयारी आहे का, एवढं स्वतःला विचार.

अर्जासोबतच्या पत्रात 'माझ्या आजीला विस्मरणाचा आजार होता' असं दर दुसऱ्या मुलाने लिहिलेलं असतं. खरं असेल तर एक ओळ लिही, त्याहून जास्त नको. मला मुलाखतीत विचारलं होतं, 'तुझा कंट्रोल काय होता?', म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला नमुना. मी सांगितलं की एका प्रयोगात कंट्रोल नव्हताच, म्हणून तो निकाल मी प्रबंधात घातला नाही. माझी निवड त्या एका उत्तरावर झाली असं मला अजूनही वाटतं.

पैसे. इथे पीएचडी म्हणजे बहुतेक वेळा नोकरी असते. आपल्या विषयात सहसा सरकारी वेतनश्रेणी ई-१३ च्या पूर्ण पगारापैकी ६५ टक्के देणारा करार मिळतो. कर आणि आरोग्यविमा कापून हातात महिन्याला साधारण दोन हजार युरो येतात, खोलीचं भाडं चारशे ते सहाशे. आमच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो फी आहे, पण पीएचडीवाल्यांना ती माफ. त्यामुळे घरून लागतात ते तिकिटाचे, व्हिसाचे आणि पहिल्या पगारापर्यंतच्या दीड-दोन महिन्यांचे. बाबांना जमीन काढायला लावू नकोस. 'पीएचडी सीट'साठी पैसे मागणारा एजंट भेटला तर उठून ये. अमेरिकेत पाच-सहा वर्षं लागतात, पण एम.एस्सी.शिवायही जाता येतं आणि आधी दोन-तीन लॅब फिरून मग गाईड ठरवता येतो, ही मला त्यांची फार चांगली पद्धत वाटते. ब्रिटनमध्ये शिष्यवृत्ती नसेल तर विचारही करू नकोस.

आणि नेट-जेआरएफचा, म्हणजे आपल्याकडच्या संशोधन शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा, अभ्यास सोडू नकोस. २०२३ पासून जेआरएफ महिन्याला ३७,००० रुपये आहे. मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची संस्था इथे या विषयावर खरं काम चालतं. निम्हान्सची तर मेंदूची पेढीसुद्धा आहे. माझ्या बॅचमधली एकजण तिकडे गेली, आणि दाखवायला तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त काम आहे.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त वेळ नावाने खाल्ला. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आईचं नाव वेगळ्या रकान्यात, पासपोर्टवर तिसरंच. एका कार्यालयाने तर मला दोन वेगळ्या मुली ठरवलं होतं. आत्ताच सगळे कागद समोर मांडून बघ आणि फरक असेल तर प्रतिज्ञापत्र करून घे. ट्रान्सक्रिप्टचे, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या सत्रवार गुणांच्या दाखल्याचे, तीन संच काढ. ते निकालानंतर नाही, आतापर्यंतच्या सत्रांचे आत्ता. निकालाच्या दिवसांत केगावला विद्यापीठाच्या त्या खिडकीपुढे निम्मा जिल्हा उभा असतो.

ट्युबिंगेनबद्दल विचारलंस ना? गाव आपल्या सोलापूरच्या दहाव्या हिश्शाएवढं असेल. पण १८६९ मध्ये फ्रीडरिश मीशरने इथल्या किल्ल्यातल्या जुन्या स्वयंपाकघरात, जखमांच्या पट्ट्यांवरच्या पुवातून, आज आपण ज्याला डीएनए म्हणतो ते पहिल्यांदा वेगळं केलं. आणि ३ नोव्हेंबर १९०६ ला आलोइस अल्झायमरने आपल्या रुग्णबाईच्या मेंदूत काय दिसलं ते याच गावातल्या परिषदेत वाचून दाखवलं. ऐकणाऱ्यांपैकी कुणी एक प्रश्नही विचारला नाही.

आता काम. तुला आवडलेल्या पाच प्राध्यापकांचा प्रत्येकी एक अलीकडचा निबंध वाच, आणि एकाला मेल लिहून आधी मला दाखव. 'रिस्पेक्टेड सर'ने सुरुवात नको, आणि सर आहेत की मॅडम तेवढं बघून घे. मंगळवारी पाठवू नकोस, त्या दिवशी आमची ग्रुप मीटिंग असते आणि माझं डोकं ठिकाणावर नसतं.